पुराची टेबल-टॉप तालीम ऑनलाइन घेताना: एका रुग्णालयाचा अनुभव

सांगलीत कृष्णेच्या पूररेषेत येणाऱ्या एका मध्यम आकाराच्या विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात मी गुणवत्ता विभाग सांभाळते. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही पुराच्या आपत्कालीन आराखड्याची टेबल-टॉप तालीम पूर्णपणे ऑनलाइन घेतली. मार्चमध्ये हे काम माझ्याकडे आले तेव्हा सुरुवात कोठून करावी, कोणाकोणाला पत्रे द्यावीत आणि खर्च किती येईल, यांपैकी काहीही ठाऊक नव्हते. ज्यांच्यावर असेच काम येऊन पडेल त्यांना थोडा आधार व्हावा, म्हणून सगळा क्रम तपशिलासह लिहून ठेवत आहे.

टेबल-टॉप म्हणजे काय, हे आधी सांगितलेले बरे, कारण आमच्याकडेही अनेकांचा समज मॉक ड्रिलचाच होता. मॉक ड्रिलमध्ये स्ट्रेचर हलतात, घंटा वाजते, माणसे धावतात. टेबल-टॉपमध्ये यांपैकी काहीच होत नाही. एक काल्पनिक पण शक्य वाटणारा प्रसंग टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो आणि ज्याच्याकडे जी जबाबदारी आहे त्याने ‘आता मी काय करणार’ हे बोलून दाखवायचे असते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सरावांमध्येही प्रत्यक्ष मॉक ड्रिलच्या आधी अशी बैठक घेण्याची पद्धत आहे.

एनएबीएच या रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मानांकनासाठी आपत्कालीन आराखडा आणि त्याची ठरावीक काळाने तालीम या दोन्ही गोष्टी लागतात. आमच्याकडे तालीम म्हणजे आगीचे मॉक ड्रिल, हे ठरून गेले होते. पुराचा आराखडा मात्र फाइलमध्ये होता आणि त्यात ‘आवश्यकतेनुसार रुग्णांचे स्थलांतर करण्यात येईल’ असे वाक्य होते. ती आवश्यकता कोण ठरवणार आणि पाणी किती फुटांवर असताना, याचा कोठेही उल्लेख नव्हता. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर आणि २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या वर. २०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये एका कोविड रुग्णालयात पाणी शिरून वीज गेली आणि रुग्ण दगावले, ती बातमी आमच्यापैकी कोणीही विसरलेले नाही. एवढे असूनही आमच्या फाइलमध्ये फुटांचा एकही आकडा नव्हता.

तालीम ऑनलाइन घेण्याचे कारण सुरुवातीला केवळ सोयीचे होते. विश्वस्तांचे कार्यालय पुण्यात, रुग्ण जेथे हलवायचे ते रुग्णालय मिरजेत, ऑक्सिजनचा पुरवठादार कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, आणि मानद डॉक्टर दिवसभरात दोन-तीन ठिकाणी जाणारे. या सर्वांना एका सभागृहात आणणे कठीण होते. पुढे विचार करता लक्षात आले की खऱ्या पुरातही हे लोक एका खोलीत नसणारच. रस्ते बंद होतात, कोणी घरी अडकतो, कोणी गच्चीवरून फोन लावत असतो. त्यामुळे तुटक आवाज, मध्येच जाणारी रेंज आणि एकमेकांचे चेहरे न दिसणे हेही सरावाचाच भाग मानायचे, असे आम्ही ठरवले.

१७ मार्चला मी वैद्यकीय अधीक्षकांकडे दोन पानी टिपणी सादर केली. आर्थिक वर्ष संपत असल्याने लेखा विभागाने ती एप्रिलपर्यंत बाजूला ठेवली, हे अपेक्षितच होते. ३ एप्रिलला पहिली नियोजन बैठक झाली आणि तीत सर्वांत जास्त वेळ गेला तो विषय कमी करण्यात. प्रत्येकाला आपला प्रश्न या तालमीत हवा होता: औषधसाठा, कर्मचाऱ्यांची ने-आण, पगार, शवागार, सगळेच. शेवटी तीन प्रश्न ठेवले. स्थलांतराचा निर्णय कोण आणि कधी घेणार. वीज, ऑक्सिजन आणि पाणी नेमके किती तास पुरणार. आणि नातेवाइकांशी व बाहेरच्या लोकांशी रुग्णालयाच्या वतीने कोण बोलणार. माझ्या मते दोन-अडीच तासांच्या ऑनलाइन सत्रात यापेक्षा जास्त मावत नाही, आणि मावल्यासारखे वाटले तर ती चर्चा वरवरची झालेली असते.

७ एप्रिलला जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला पत्र दिले. अंतर्गत सरावासाठी आम्ही परवानगी मागितली नव्हती. माहिती देणे आणि निरीक्षक म्हणून एखादा अधिकारी पाठवण्याची विनंती करणे, एवढाच हेतू होता. आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक जरूर घ्यावा, कारण नंतरच्या प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न तोच येतो. बरेच दिवस काही उत्तर आले नाही. चौकशी केल्यावर प्रसंगाचा मसुदा मागवण्यात आला, आणि तो पाठवल्यावर मात्र दोन दिवसांत होकार मिळाला. मसुदा आधीच जोडला असता तर बहुधा वेळ वाचला असता.

प्रसंग लिहिणे हे या सगळ्यातले खरे मेहनतीचे काम आहे. जलसंपदा विभागातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांनी मला यात फार मदत केली. लोक सांगलीच्या पुराचा विचार करताना फक्त कोयनेचा विसर्ग पाहतात, असे ते म्हणाले. १०५ टीएमसीचे कोयना धरण महत्त्वाचे आहेच. पण धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटात पडणारा पाऊस, हरिपूरला येऊन मिळणारी वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगेची चढलेली पातळी, यांवरही सांगलीतले पाणी किती चढेल आणि किती वेळ थांबून राहील हे ठरते. त्यामुळे आमच्या प्रसंगात एकच मोठा विसर्ग न ठेवता तीन टप्पे ठेवले: सकाळी ३५ फूट आणि पाऊस चालू, मध्यरात्री ४० फूट आणि विसर्ग वाढवल्याची सूचना, दुसऱ्या दुपारी ४५ फूट आणि ‘आणखी वाढ अपेक्षित’. सखल भागातल्या सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगर परिसरातून लोक हलू लागल्याचा उल्लेख पहिल्याच टप्प्यात घातला, कारण आमच्या कर्मचाऱ्यांपैकी काहींची घरे तिकडेच आहेत आणि पुराच्या पहिल्या तासांत त्यांचे मन कामावर असणार नाही.

प्रसंग पुढे नेण्यासाठी जे संदेश सोडायचे त्यांना आम्ही ‘चिठ्ठ्या’ म्हणू लागलो. प्रत्येक चिठ्ठी एका विशिष्ट व्यक्तीला उद्देशून, सोडण्याची वेळ ठरलेली, आणि त्यातून कोणता निर्णय निघायला हवा हे आमच्याकडच्या तक्त्यात लिहिलेले. ‘पाणी वाढत आहे, काय कराल?’ अशी सर्वांना मिळून विचारलेली चिठ्ठी ऑनलाइन सभेत वाया जाते. सगळे माइक बंद करून दुसऱ्याची वाट पाहतात. त्याऐवजी ‘डायलिसिस प्रमुख: उद्या सकाळच्या पाळीतील एका रुग्णाचा मुलगा फोनवर विचारत आहे, यायचे की नाही? महापालिकेचा पाणीपुरवठा आज रात्री बंद होणार आहे’ अशी चिठ्ठी गेली की उत्तर द्यावेच लागते. एका रुग्णाच्या चार तासांच्या डायलिसिसला डायलिसेटसाठीच, म्हणजे यंत्रातून फिरणाऱ्या द्रावणासाठीच, सुमारे १२० लिटर पाणी जाते, आरओमध्ये वाया जाणारे वेगळे. त्यामुळे टाकीत किती पाणी आहे हा प्रश्न लगेच ‘किती रुग्ण’ या प्रश्नावर येतो.

तालीम मुळात ९ मे रोजी ठरली होती. त्याच सुमारास सीमेवरचा तणाव वाढला, ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली आणि जिल्ह्यातली यंत्रणा त्यात गुंतली. त्या आठवड्यात रुग्णालय रिकामे करण्यासंबंधीचा एखादा काल्पनिक संदेश चुकून बाहेर पडला असता तर काय गोंधळ झाला असता, याची कल्पना केलेली बरी. आम्ही तारीख १६ मे केली आणि एक नियम कडक केला: प्रत्येक चिठ्ठी, चित्र आणि फोनवरील वाक्य ‘सराव, सराव, सराव’ असे सुरू होईल आणि तसेच संपेल. चित्रांवर तिरक्या लाल अक्षरांत ‘सराव’ छापले होते, जेणेकरून ते कापून पुढे पाठवता येऊ नये. हा नियम कोणत्याही महिन्यात पाळावा.

तंत्राची तयारी साधीच ठेवली. झूमच्या मोफत खात्यात सभा ४० मिनिटांत तुटते, म्हणून एका महिन्याचे सशुल्क खाते घेतले. करासह दीड हजाराच्या आसपास खर्च आला. परिचारिका आणि देखभाल विभागाचे लोक मोबाइलवरूनच सामील होणार होते, म्हणून पडद्यावर दाखवायचे प्रत्येक पान मोबाइलवर वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत आणि पाच ओळींच्या आत ठेवले. छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्या करण्याची सोय वापरली नाही. मोबाइलवर अनेकांना त्यात जाता-येता येत नाही, आणि पुरात अधीक्षक रात्रपाळीच्या सिस्टरांना फोनच करणार आहेत. तोच तालमीतही करू द्यावा. १३ मे रोजी प्रत्येक विभागाची थोडा वेळ जोडणी तपासली आणि पडद्यावरचे नाव ‘पद, मग नाव’ असे बदलून घेतले. हे बारीक काम वाटते, पण ‘रात्रपाळी प्रभारी’ असे दिसले की बोलणाऱ्यालाही आपली भूमिका लक्षात राहते.

सत्र चालवायला किमान तीन माणसे लागतात. मी प्रसंग पुढे नेत होते, एक सहकारी ठरलेल्या वेळी चिठ्ठ्या सोडत होती आणि तिसरा सहकारी प्रत्येक निर्णय वेळेसह तक्त्यात नोंदवत होता. सभेचे ध्वनिचित्रमुद्रण आम्ही मुद्दाम केले नाही. नोंदीसाठी ते उपयोगी पडले असते, हे खरे. पण मुद्रण चालू आहे म्हटले की माणसे आराखड्यातली वाक्ये वाचून दाखवू लागतात, असे माझे मत आहे.

१६ मे रोजी दुपारी अडीचला, बाह्यरुग्ण विभाग उरकल्यावर, वीसेक जण जोडले गेले. मला धाकधूक होती ती ज्येष्ठ डॉक्टरांची. ‘मॅडम, हे नाटक किती वेळ चालणार?’ असे त्यांच्यापैकी एकांनी आदल्या दिवशी विचारलेच होते. पहिली वीस मिनिटे संथ गेली. ३५ फुटांवर सगळ्यांची उत्तरे ‘परिस्थितीवर लक्ष ठेवू’ अशीच येत होती. मग अतिदक्षता विभागाच्या सिस्टरांना चिठ्ठी गेली: ‘ऑक्सिजनचा टँकर महामार्गावर अडकला आहे, उद्या संध्याकाळपर्यंत येणार नाही. जम्बो सिलिंडर किती आहेत?’ त्यांनी संख्या सांगितली. मी तासांत विचारले. सात घनमीटरचा जम्बो सिलिंडर मिनिटाला दहा लिटर वेगाने एका रुग्णाला साडेअकरा तासांच्या आसपास पुरतो, हे गणित त्यांनी तेथेच कागदावर मांडले, दाखल रुग्णांच्या संख्येने भागले आणि हळूच म्हणाल्या, ‘सर, पहाटेपर्यंत.’ त्यानंतर कोणीही नाटक हा शब्द काढला नाही.

दुसऱ्या टप्प्यात, ४० फुटांवर, मी अधीक्षकांना थेट विचारले की स्थलांतर आता सुरू करायचे का. ते म्हणाले, ‘हो, हा निर्णय माझा आहे.’ त्याच क्षणी पुण्याहून विश्वस्तांचे सचिव म्हणाले, ‘विश्वस्तांच्या मंजुरीशिवाय रुग्णालय रिकामे करता येणार नाही.’ दोघेही अनेक वर्षे एकत्र काम करत आहेत, आणि दोघांनीही आपलेच म्हणणे गृहीत धरले होते. पडद्यावर काही सेकंद कोणीच बोलले नाही. अशा वेळी तालीम चालवणाऱ्याने मध्यस्थी करायची नसते. मी फक्त घड्याळाकडे लक्ष वेधले: सरावात रात्रीचे दीड वाजले होते, आणि विश्वस्त फोन उचलणार का, हा प्रश्न सचिवांना स्वतःलाच विचारावा लागला. पुढची सात-आठ मिनिटे झालेली चर्चा हे या संपूर्ण तालमीचे फळ होते. ४० फुटांची वाट न पाहता, ३८ फूट आणि वाढीचा अंदाज असे दोन्ही असतील तर अधीक्षकांनी, आणि ते नसतील तर उपस्थित वरिष्ठ डॉक्टरांनी, स्वतःच्या अधिकारात स्थलांतर सुरू करावे; विश्वस्तांना कळवावे, विचारू नये, असे ठरले. हा ३८ चा आकडा आमच्या इमारतीची उंची आणि रस्त्याची स्थिती पाहून निघाला आहे. तो कोणीही जसाच्या तसा उचलू नये.

तिसऱ्या टप्प्यात वीज गेली. जनरेटरबद्दल आम्ही निश्चिंत होतो, कारण २०१९ नंतर तो उंच चौथऱ्यावर बसवला आहे. देखभाल विभागाचे पर्यवेक्षक त्या वेळी जनरेटरच्या शेडजवळूनच बोलत होते. ‘दाखवतो की,’ म्हणून त्यांनी मोबाइलचा कॅमेरा फिरवला. चौथरा दिसला, जनरेटर दिसला, मग केबल जिकडे जाते तिकडे कॅमेरा वळला. वीज गेल्यावर जोडणी जनरेटरकडे वळवणारे पॅनेल भिंतीवर जुन्याच जागी, साधारण कमरेइतक्या उंचीवर होते, आणि त्याच भिंतीवर २०१९ च्या पाण्याची निळ्या रंगाने काढलेली रेघ त्या पॅनेलच्या वर हातभर होती. जनरेटर कोरडा राहिला असता आणि वीज एकाही वॉर्डात पोचली नसती. सभागृहात टेबलाभोवती बसून ही तालीम झाली असती तर हे दिसले नसते, म्हणून माझी सूचना अशी की ऑनलाइन तालमीत निदान दोन-तीन माणसे त्यांच्या खऱ्या जागेवर उभी असावीत: ऑक्सिजन मॅनिफोल्ड (सिलिंडर जेथे एकत्र जोडलेले असतात ती जागा), जनरेटर, अतिदक्षता विभाग.

पाऊण तास उरला असताना चिठ्ठी आली की अधीक्षकांचा संपर्क तुटला आहे. हे त्यांच्याशी आधी ठरले होते. त्यांनी कॅमेरा आणि माइक बंद केला. रात्रपाळीच्या प्रभारी सिस्टरांनी कोणालाही न विचारता पदानुसार पुढच्या डॉक्टरांचे नाव घेतले आणि १०८ ला कळवण्याची जबाबदारी वाटून दिली. त्यांनीच विचारले की लिफ्ट बंद असताना व्हेंटिलेटरवरचा रुग्ण दुसऱ्या मजल्यावरून उतरवायला किती माणसे लागतील. चर्चेत चार, मग सहा, मग ‘हाताने श्वास देणारा एक वेगळा आणि सिलिंडर धरणारा एक वेगळा’ असे होत आठवर आकडा आला. रात्रपाळीला त्या मजल्यावर तेवढी माणसे नसतात.

सत्र संपताच, कोणी उठण्याआधी, वीस मिनिटे सर्वांची मते घेतली. सुरुवात पदाने सर्वांत कनिष्ठ असलेल्यांपासून केली, कारण वरिष्ठ एकदा बोलले की बाकीचे मान डोलावतात. निरीक्षक म्हणून आलेले अधिकारी पहिला तासभर होते. त्यांनी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ क्रमांक आमच्या फोन यादीत असावा, असे सुचवले. तो आमच्या यादीत होता, पण वॉर्डातल्या भिंतीवरच्या यादीत नव्हता.

अहवाल २३ मे रोजी दिला. त्यात वर्णन कमी आणि तक्ता जास्त ठेवला: त्रुटी, उपाय, जबाबदार व्यक्तीचे नाव, तारीख. ‘संबंधित विभाग’ असे कोठेही लिहिले नाही. बहुतेक कामांना १० जून ही मुदत होती, पण त्या वर्षी पाऊसच थांबला नाही. २४ मे रोजी मान्सून केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाल्याचे जाहीर झाले, आणि आमच्याकडे मुदती पुन्हा अलीकडे ओढाव्या लागल्या. विश्वस्तांची बैठक जूनमध्ये होती. तोपर्यंत थांबणे शक्य नसल्याने सचिवांनी अधीक्षकांना अधिकार देणारे पत्र ई-मेलने पाठवले आणि ठरावाला नंतर कार्योत्तर मंजुरी घेतली.

तालमीचा प्रत्यक्ष खर्च, झूम, छपाई आणि परिचारिकांच्या मोबाइलचे डेटा पॅक धरून, पाच हजारांच्या आत राहिला. पॅनेल वर हलवण्याचा अंदाज मात्र पावणेदोन लाखांचा आला आणि कामानंतर विद्युत निरीक्षकांकडून तपासणी करून घ्यावी लागेल, असे ठेकेदाराने सांगितले. लेखा विभागाने सुरुवातीला पुढच्या वर्षी पाहू असे म्हटले. मी फाइलला त्या भिंतीचे पर्यवेक्षकांनी काढलेले छायाचित्र जोडले, आणि काम जूनअखेर झाले. आपल्या अहवालात एक तरी छायाचित्र असावे, एवढे मी यावरून नक्की सांगेन.

आता रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांसाठी फक्त ३८ ते ४५ फुटांचा भाग घेऊन तासाभराची दुसरी तालीम ठरली आहे. तिला डॉक्टर मोजकेच असतील. तक्त्यातली एक ओळ अजून उघडी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून दाखल असलेला रुग्ण पुरात दुसऱ्या रुग्णालयात हलवला तर मंजुरीची कागदपत्रे कोणी आणि केव्हा करायची, हा प्रश्न बिलिंग विभागातल्या लिपिकाने विचारला होता. आम्ही तो लेखी विचारला आहे, एक स्मरणपत्रही गेले आहे, आणि दोन्हींच्या शिक्का मारलेल्या प्रती फाइलमध्ये आहेत.